वरवंट्यानं ठोकलेली खुंटी

“खुंटी सैलच राहू द्या, बाई. तक्ता फिरता राहिला पाहिजे,” असं देवीदास मास्तरांनी कौशल्याबाईला बजावलं होतं. तिनं मान डोलावली आणि चारच दिवसांनी वरवंटा घेऊन ती खुंटी ठोकून टाकली. मित्रांनो, तो तक्ता म्हणजे मी.

मी एक जुना लाकडी तक्ता आहे, महिन्यांचा. अमरावतीचा कापूस मुंबईमार्गे चीनला जाई. त्याच वाटेनं चहाची एक पेटी इकडे आली आणि तिच्या झाकणातून मास्तरांनी माझ्या दोन गोल चकत्या कापल्या. मोठीवर आपले बारा महिने, लहानीवर चिनी आकडे, मधे एक खुंटी. मास्तर अकरा वर्षं चीनमध्ये राहून आले होते. अमेरिकेतल्या लढाईमुळे तिकडचा कापूस अडला आणि त्या साली वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. व्यापाऱ्यांना चिनी भाषा येणारी माणसं हवी झाली, म्हणून मास्तरांच्या ओसरीवर शाळा भरू लागली.

तिथे महिने खेळातून शिकवत. बारा पोरं गोलात उभी राहत, प्रत्येक पोर एक महिना. चिनी महिना सोपा असतो. आकडा म्हणायचा आणि पुढे ‘युए’, म्हणजे महिना, लावायचं. मास्तर टाळी देऊन पुकारत. ‘सान-युए’ म्हणजे तिसरा. ते पोर चैत्राच्या गुढीसारखी काठी उभी धरी. ‘छी-युए’ म्हणजे सातवा. ते श्रावणाचा झोका घेई. मग ज्यानं त्यानं येऊन मला फिरवायचं. खेळाआधी मात्र मास्तर स्वतः माझा एकचा आकडा माघासमोर आणून ठेवत.

“त्यायचं वर्स माघात लागते, आपलं चैत्रात,” ते सांगत.

त्या पोरांत मुलगी एकच, कौशल्याबाईची जमुना. तिचा बाप सूर्यभान कापसाचा पारखी. त्याला स्वतःला लिहिता येत नव्हतं. गाठींबरोबर चीनला निघताना तो म्हणाला, “तिकडून कोनाकडून लिवून घेईन. माह्या जमुनेले वाचता येईन.”

मास्तर मुंबईला गेले तेव्हा मला जमुनेकडे देऊन गेले. घरात रांगतं लेकरू होतं. त्यानं माझी खुंटी उपसली आणि तोंडात घातली. कौशल्याबाईनं बोट घालून ती बाहेर काढली. लगेच चकत्या एकावर एक ठेवून तिनं खुंटी ठोकली. एकसमोर चैत्र आला. वर्षाचा पहिला महिना चैत्र, हे तर सगळ्यांनाच माहीत. मी चिनी लाकूड, मला खरं ठाऊक होतं. निदान करकरायचं तरी. मी गप्प बसलो.

फाल्गुनात किसनराव गाडीवान एक कागद घेऊन आला.

“सूर्यभानचे पाय सुजले हायेत म्हन्ते. अकोल्याच्या धर्मशाळेत उतरन, तिथून त्याले गाडीनं आना. कोन्या महिन्यात, ते कागदात हाये. तोंडी निरोपात महिना बदलते म्हनून लिवून घेतलं त्यानं.”

जमुनेनं कागदावरची दोन चिनी अक्षरं वाचली. “सान-युए.”

कौशल्याबाईनं माझ्याकडे पाहिलं. तीनसमोर ज्येष्ठ होता.

“माय, मास्तरायच्या खेळात सान-युए गुढी धरे वो.”

“खेळ तो खेळ. तक्ता समोर हाये ना?”

“चैत्रात जाऊन नुसतं पाहून येऊ.”

“एवढं लेकरू घेऊन उन्हातान्हात दोनदा? वेळेवर जाऊ.”

ज्येष्ठात किसनरावाची गाडी अकोल्याला पोचली. जमुनेच्या मांडीवर मीही होतो. धर्मशाळेचे शेषराव दारातच उभे होते.

“आता आले का तुमी? तुमचा मानूस पाडव्याच्या चौथ्या दिशी आला. रोज दारात बसून विचारे, अमरावतीची गाडी आली काय? म्या म्हटलं, दुसरा निरोप धाडू. तर म्हने, कागद गेला हाये, माही पोरगी वाचते, येतीनच आज-उद्या. वैशाख लागला अन् विचारनं बंद झालं.”

आत खाटेवर सूर्यभान पडला होता, भिंतीकडे तोंड करून. चाहूल लागली तसा तो वळला. बायकोकडे त्यानं पाहिलंच नाही.

“तुले वाचता नाही आलं काय, बेटा?”

जमुनेचे ओठ हलले. तिच्याआधी कौशल्याबाई बोलली. “तिनं बरोबर वाचलं. तिनं सांगतलं बी होतं. चुकलं माहं.”

सूर्यभान घरी आला, पण दोन महिने तसाच राहिलेला त्याचा डावा पाय पुन्हा सरळ पडला नाही. कौशल्याबाईनं माझी खुंटी उपटली, कापसाचा दोरा वळला आणि खुंटी पुन्हा सैल बसवून दोऱ्यानं माझ्याच कडेला बांधून टाकली. आता चकती फिरतेही आणि खुंटी लेकराच्या तोंडातही जात नाही. एवढं तेव्हाच करता आलं असतं.

मित्रांनो, मी भिंतीवर आहे. सूर्यभान लंगडत आत आला की कौशल्याबाई पदरानं माझी धूळ पुसते, आणि मला वर मान करवत नाही. तुमच्याही ओळखीचं कुणी “येतीनच आज-उद्या” म्हणत दाराकडे पाहत बसलं असेल. महिना मागाहून जुळवा. आज त्याला एकदा जाऊन पाहून या.