टोपीखालचा कॅमेरा

मित्रांनो, चार नंबरच्या खाटेवरचे आजोबा पडले. पण हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा. आजोबा अजून खाटेवर आहेत, खुब्याचं ऑपरेशन झालंय आणि त्यांनी एकट्याने उठायचं नाही. त्यासाठीच तर मला छताला टांगलंय. मी या वॉर्डातला जुना कॅमेरा. मला डोळा आहे, कान आहे, मान तर गरागरा फिरते.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. कोणी उठू लागलं, की खालच्या खोलीतली ताई पडद्यावर बघून वॉर्डात फोन करायची आणि सिस्टर धावत यायच्या. कितीतरी पेशंट पडता पडता वाचले. मग एकदा हॉस्पिटलच्या साहेबांनी माझं चित्रण मीटिंगमध्ये लावलं. त्यात पेशंट नव्हतेच. सकाळपासून उभ्या असलेल्या सिस्टर स्टुलावर जरा टेकल्या होत्या, एवढंच होतं.

"पेशंटसाठी लावलाय म्हणे," सिस्टर वॉर्डातल्या मामांना म्हणाल्या. "मला तर सासू आणून बसवल्यासारखं वाटतं."

"सासू दुपारची झोपते तरी," मामा म्हणाले.

तेव्हापासून जेवताना मामा काठीने माझ्यावर ऑपरेशनची निळी टोपी चढवत आणि जेवण झालं की काढत. त्या दुपारी शेजारच्या वॉर्डातून हाक आली. दोघं डबे तसेच टाकून पळाले. टोपी राहिली.

"सिस्टर, पाणी," आजोबा म्हणाले. थोड्या वेळाने खाट करकरली. मी मान डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, हिसडे दिले. टोपी अगदी मापाची होती. खाली ताईला पडद्यावर निळं कापड नाचताना दिसलं. तिने तत्परतेने मेकॅनिकला फोन केला.

एक चप्पल वाजली. दुसरी सापडत नसावी.

"अरे, कोणी आहे का?"

मी होतो.

चौकशीत साहेब म्हणाले, "चित्रणात आजोबा पडलेले दिसत नाहीत." म्हणजे आजोबांचा खुबा खाटेवर पडल्या पडल्या आपोआपच पुन्हा मोडला. ड्यूटी संपल्यावरही सिस्टर आजोबांचा हात धरून बसल्या. तेही मी टिपलं. ते मात्र कुठल्या मीटिंगमध्ये लागलं नाही.

मित्रांनो, नजर पेशंटवर असू द्या, दमलेल्या माणसाच्या स्टुलावर नको.

सबब, प्रशासनास सविनय विनंती की, मला एक हात मंजूर करण्यात यावा. डावाही चालेल. तो मिळेपर्यंत वॉर्डात कोणासही तहान लागू नये, असा आदेश तातडीने काढण्यात यावा.