वरची मूठ

शेंग हिरवी होती, पाठीवर जांभळ्या रेघा उमटलेल्या, पण तुरीची शेंग नुसती बघून कळत नाही, अंगठ्याच्या नखानं मधोमध दाबावी लागते — कापिचीनं दाबली. दाणा हलला नाही. म्हणजे भरली होती. नखाला हिरवं पाणी लागलं ते त्यानं कोटाला पुसलं, आणि पुसता पुसता त्याच्या ध्यानात आलं की ही दाबायची रीत आपली नाहीच, बायकोची, एनेलेसीची आहे. आपण जन्मभर मक्याच्या न्सिमाबरोबर ताटात आलेली तूर खाल्ली, तिची शेंग कधी हातात धरली नाही…

"बाम्बो, दाबून दाबून पीठ कराल तिचं. घ्यायची आहे का?" बाजाराच्या तोंडाशी बसणारी बाई म्हणाली.

"बघतोय नुसता."

"बघा बघा. बघायला इथं, घ्यायला अबिटीकडं. घरच्या बायकोला भीत नसाल एवढं त्या म्हातारीला भिता."

शेजारच्या दोघी फिदीफिदी हसल्या. कापिचीही हसला, कारण हसायचीच गोष्ट होती, आणि शेंग जागेवर ठेवून तो पुढं झाला.

आज अबिटीला सांगायचं होतं. एनेलेसी गेली, गेल्या साली गेली, याच चिपेरोनीत — डोंगरावरून ही थंड झिमझिम झोम्बा गावावर उतरते आणि आठ-आठ दिवस मुक्काम हलवत नाही, त्याच दिवसांत — आणि तुम्ही वर्षभर जिच्या नावानं वरची मूठ घालत आलात ती बाई नाही. एवढंच सांगायचं. निघण्यापूर्वी त्यानं ते आरशासमोर म्हणून पाहिलं होतं, तर आरशातला म्हातारा पहिल्याच शब्दाला दुसरीकडं बघायला लागला. पण आज सुटका नव्हती. गेल्या शनिवारी अबिटी — ती एनेलेसीला लेकराच्या नावानं, टियामिकेची आई म्हणूनच ओळखे — म्हणाली होती, "तुरी आल्या की पहिला वाटा मी स्वतः घेऊन येणार तुमच्या घरी. वर्ष झालं टियामिकेच्या आईचं तोंड बघून. तिचे पाय दुखतात, माझे तर चालतात ना?" आणि तुरी आल्या होत्या. बाजार उठला की अबिटी डोक्यावर पाटी घेऊन त्याच्याबरोबर घराची चढण चढणार, आणि मग दार उघडलं की… दार उघडल्यावरचं त्याला काही केल्या दिसत नव्हतं.

मुळात तो खोटं बोललाच नव्हता. हे तो स्वतःला वरचेवर सांगे, आणि ते खरंही होतं. कुणी कसे आहात विचारलं तर बरा आहे म्हणायचं असतं. अंगात ताप असो, घरात मढं असो, आधी बरा आहे, तुमचं कसं, आणि समोरच्याचंही बरं आहे असं झालं की मग खाली बसायचं, आणि बसल्यावर खरी बातमी. उभ्याउभ्या बातमी सांगतात ती अडाण्यांची पोरं. एनेलेसीला माती तिच्या आईच्या गावी, फालोम्बेला दिली — बाईला तिच्याच गावची माती द्यायची, नवऱ्यानं पाहुण्यासारखं मागून जायचं — त्यामुळं इथल्या बाजारात कळायचं कारणच नव्हतं. तिकडची सगळी क्रियाकर्मं आटपून तो परतला, घरात खायला काही नव्हतं, म्हणून तिचीच निळी पिशवी घेऊन बाजारात आला. अबिटीनं आधी पिशवी ओळखली, मग माणूस.

"टियामिकेचे वडील ना तुम्ही? कशी आहे टियामिकेची आई?"

"बरी आहे," त्याच्या तोंडून रीतीनं निघालं.

अबिटीनं पालथा डबा पुढं सरकवला, बसा म्हणाली. तो वाकलाही होता — गुडघे वाकले होते हे त्याला स्पष्ट आठवतं — एवढ्यात कोबीच्या पोत्यांची ढकलगाडी मधे घुसली, कुणाच्या तरी टोमॅटोवरून चाक गेलं, शिव्यांची लाखोली सुरू झाली, डबा लाथेनं कुठं तरी गेला, आणि सगळं निवलं तेव्हा अबिटी त्याच्या वाट्यावर दोन चांगले लाल टोमॅटो जास्तीचे ठेवत होती. "वाटा तुमचा. हे वरचे तिचे. अबिटीनं दिलेत म्हणावं." तो उभाच राहिला. पुढच्या खेपेला सांगू, असं म्हणत घरी गेला आणि पुढच्या खेपेला तिनं पुन्हा विचारलं तेव्हा पुन्हा आधी बरी आहे म्हणावं लागलं, आणि डबा पुढं आला, आणि तो म्हणाला, "नाही, घाईत आहे." तेव्हापासून तो अबिटीकडं कधी बसला नाही. सरकारी छापखान्यात त्यानं जन्मभर प्रुफं तपासली होती. चूक पहिल्या प्रुफात सापडली तर चूक. एकदा यंत्र फिरलं की ती मजकूर होते, आणि लोक ती वाचतात.

आणि मग — हे कुणाला सांगायची सोय नव्हती — त्याला बाजार आवडायला लागला. साठीपर्यंत ज्यानं मिरचीचा भाव विचारला नाही तो माणूस शुक्रवारी रात्रीच पिशवी धुऊन वाळत घालू लागला. पठारावरून ओल्या पानांत झाकून बाया स्ट्रॉबेरी उतरवतात ती ऑगस्टात. ऊन पेटलं, रस्ते जाकरंडाच्या फुलांनी निळे झाले की मासुकूची फळं, तपकिरी, चिकट, चालता चालता चोखून बिया गटारात थुंकायच्या. मग आंबे, इतके की वास नकोसा व्हावा. पाऊस लागला की पंखवाल्या वाळव्या कपानं मापून, मीठ लावून भाजलेल्या — त्या कागदाच्या पुडीतून खाताना आपण लहानपणी चटई टाकून दिव्याखाली त्या गोळा करत होतो हे त्याला किती वर्षांनी आठवलं. जानेवारीत अळंबी. कुठली घ्यायची, कुठलीनं माणूस मरतो, हे अबिटीनं त्याला दोनदा समजावलं आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "राहू दे. टियामिकेच्या आईला दाखवल्याशिवाय चुलीवर ठेवू नका म्हणजे झालं." त्यानं ती अळंबी खाल्ली नाही. ओट्यावर ठेवली, काळी पडली, मग टाकली… दाखवायला कुणी नव्हतं.

पण भुईमुगाचं वेगळं झालं. एप्रिलातल्या नव्या शेंगा त्यानं नेल्या होत्या, आणि पुढच्या शनिवारी अबिटीनं विचारलं, "काय म्हणाली? आवडल्या?" — तो नुसतं हो म्हणून वेळ मारून नेऊ शकला असता. पण त्याच्या तोंडून निघालं, "म्हणाली, ओलसर होत्या." अबिटीचं तोंड एवढंसं झालं. कापिचीला आपण काय बोललो ते कळेना. शेंगा ओलसर होत्या हे खरं होतं, पण त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं. ते एनेलेसीच्या लक्षात आलं असतं, तिनं एक शेंग फोडली असती, नाक मुरडलं असतं आणि म्हटलं असतं, अबिटीला म्हणावं, तोलात पाणी विकतेस होय? नंतरच्या शनिवारी अबिटीनं पत्र्यावर चार उन्हं दिलेल्या शेंगा वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. "आता बोलायला जागा नाही म्हणावं तिला." त्या रात्री त्यानं त्या भाजल्या, खुर्ची ओढून चुलीजवळ बसला आणि रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणाला, "आता कशा आहेत?" त्या संध्याकाळी तो सुखी होता. हे त्याला नंतर फार लाजिरवाणं वाटलं, पण सुखी होता हे खरं.

घरी ती नव्हती. चर्चमध्ये तिची जागा दुसऱ्या बाईनं घेतली होती, टियामिके ब्लँटायरहून फोन करी तेव्हा आईचा विषय दोघंही बाजूनं वळसा घालून टाळत, आणि शेजारी आता त्याला विधुर म्हणून ओळखत होते. फक्त या एका जागी, टोमॅटोच्या आणि कांद्याच्या वाट्यांमागं, ती अजून होती. तिचे पाय दुखत होते, तिला ओलसर शेंगा खपत नव्हत्या. सांगितलं की ती इथूनही जाणार. आणि ती गेली तर गेली, पण अबिटीही जाणार — इकडं माणसं उधारी माफ करतात, भांडण माफ करतात, मयत कळवलं नाही ते माफ करत नाहीत. ज्याला कळवलं नाही त्याला आपल्यात धरलंच नाही, असा त्याचा अर्थ. स्वतःच्या मावसबहिणीनं नवरा पुरला आणि निरोप धाडला नाही, तर अबिटी आज इतकी वर्षं तिच्या वाऱ्याला उभी राहत नाही. ही हकिकत तिनं त्यालाच सांगितली होती, बोटं मोडत, आणि तो मान हलवत उभा होता.

सुक्या मासळीची गल्ली संपली, चिखलात टाकलेल्या फळीवरून तो सांभाळून पलीकडं गेला. पत्र्याखाली अबिटीची जागा दिसली, तुरीचे वाटे दिसले, आणि काही तरी चुकल्यासारखं वाटलं. वाटे विस्कटलेले होते. अबिटी शेंगांची देठं एका बाजूला करून वाटा लावते, विणल्यासारखा. हे नुसते ढीग होते. ढिगांमागं अबिटी नव्हती, तिची थोरली मुलगी होती, आसियातू. ईदच्या वेळी तिला त्यानं पाहिलं होतं, नवऱ्याच्या गावाहून आलेली.

"कसे आहात, बाम्बो?"

"बरा आहे. तू कशी आहेस?"

"बरी आहे."

"आणि अबिटी?"

"आई बरी आहे."

त्याला पहिल्यांदा वाटलं ते हायसं. आज नाही. अबिटी नाही म्हणजे चढण नाही, दार नाही, वाक्य नाही. एक शनिवार पदरात पडला. त्यानं निळी पिशवी उघडून धरली. आसियातूनं एक वाटा आत सोडला, वर एक मूठ टाकली, आणि मग मागं वळून केळीच्या पानात गुंडाळलेली, दोरीनं बांधलेली पुडी काढली.

"आणि ही वेगळी. आईनं मला परवा तोडायला लावल्या, एकेक दाबून बघ म्हणाली. टियामिकेच्या आईला द्या. येते म्हटलं होतं ना तिनं, वाट बघत असेल."

"तुला तोडायला लावल्या?"

"हो."

"म्हणजे ती शेतात…"

"कशी आहे टियामिकेची आई?" आसियातूनं विचारलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती. त्याच्या खांद्यावरून पलीकडं, फळीकडं, झिमझिमीकडं बघत होती.

ती नजर त्याच्या ओळखीची होती. आरशात पाहिली होती, आज सकाळीच. आणि मग ते मघाचं 'बरी आहे' त्याला पुन्हा ऐकू आलं, आता नीट — त्याचंच होतं ते, त्याच पट्टीतलं, वर्षभर तो इथं उभा राहून टाकत आला होता ते… बरी म्हणजे काय, अंथरुणावर आहे? दवाखान्यात? आणि परवा ही पुडी बांधायला लावली, परवानंतर काय झालं? त्याला त्या पोरीचा संताप आला. मला, नेहमीच्या गिऱ्हाइकाला, उभ्याउभ्या वाटेला लावते! अबिटीचं काही बरंवाईट असेल तर मला कळायला नको? मी कोण, ऐरागैरा? — आणि हा संताप जसाच्या तसा, एका शब्दाचाही फरक न करता अबिटीचा असायला हवा होता, हे कळायला त्याला वेळ लागला नाही. त्याला वाईट वाटलं, त्या म्हातारीसाठी. वर्षभर ती एका रीतीच्या शब्दावर शेंगा वाळवत बसली होती.

"मी म्हटलं, वाटा कसा दिला?" एक बाई त्याच्या आणि आसियातूच्या मधे घुसली, टोपलं ढिगावर टेकवून. "आणि हे असले वाटे? तुझी आई कुठाय? ती बरी लावते."

जायला ही वेळ चांगली होती. ढकलगाडी आली होती तशीच. आसियातू त्या बाईला काही सांगेल, तेवढ्यात पिशवी खांद्याला लावून, येतो म्हणून निघायचं. पुडी घरी नेऊन सोलायची, चुलीजवळ बसून कुणाला तरी विचारायचं, कशा आहेत… त्याला तसं करावंसं फार वाटलं.

डबा मागं होता, पोत्यांना टेकून, पालथा. तिथंच होता, वर्षभर.

"तो डबा दे जरा इकडं," कापिची म्हणाला.

"भिजलाय तो, बाम्बो."

"असू दे. बसतो जरा."

आसियातूचा हात ढिगावरच थांबला. तिनं आता त्याच्याकडं पाहिलं. मग त्या बाईला म्हणाली, "मायी, पलीकडं बघा आज," आणि बाई चरफडत गेली. आसियातूनं कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या टोकानं डबा पुसला, त्याच्यासमोर ठेवला, आणि स्वतः ढिगांना वळसा घालून इकडच्या बाजूला आली आणि पाय दुमडून गोणपाटावर बसली.

तो बसला. डबा पुसूनही गारच होता. बसल्यावर बाजार उंच झाला, माणसांचे नुसते पाय आणि टोपल्यांचे बूड दिसू लागले, आणि आवाज जरा वरून जाऊ लागला. त्याला भीती वाटत होती — तिच्या बातमीची जास्त की आपल्या, ते कळत नव्हतं. पुडी त्यानं मांडीवर घेतली. आसियातू पुडीच्या दोरीकडं बघत होती.

"सांग," तो म्हणाला. "मग मलाही सांगायचंय."

त्यानं पिशवी खाली चिखलात ठेवली. वर्षात पहिल्यांदाच त्याला घरी परतायची घाई नव्हती; घरी कुणी वाट बघत नाही हे त्याला बसल्या जागी, कुणी न सांगता, माहीत होतं.