काळ्या कापडावरचा कोंडा

थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षी मास्तरांच्या डोक्यातला कोंडा हाताबाहेर गेला. आधीही तो होता, पण थंडीपुरता. त्या वर्षी उन्हाळा लागला तरी हटेना. कानामागं, कपाळाच्या कडेला, भुवयांतसुद्धा खपल्या धरायच्या आणि खाली कातडी लालभडक.

दुसऱ्या कुणाला कोंडा झाला तर उशी झटकली की भागतं. मास्तर काळ्या कोटांचे कटर होते. ते कामाला होते त्या कारखान्यात वकिलांचे कोट शिवायचे, आणि काळ्या कापडाच्या लांब टेबलावर बावीस वर्षं त्यांचीच कात्री चालत होती. बेतणारा माणूस कापडावर ओणवा होणारच, आणि ओणवा झाला की खाली पांढरं पडणारच. आधी सगळ्यांना वाटलं, आखणीचा खडू आहे. मग एका गिऱ्हाइकानं कोट परत आणून आपटला.

मालक म्हणाले, "मास्तर, तुमच्या हाताला तोड नाही. पण डोकं बरं करा. महिनाभर बघतो, नाहीतर तुम्हाला पांढऱ्या टेबलावर बसवावं लागेल."

पांढऱ्या टेबलावर दवाखान्याच्या चादरी कापायच्या. सरळ रेघ, सरळ कात्री. शिकाऊ माणसाचं काम.

मास्तरांनी घरी येऊन हे बायकोला सांगितलं. गल्ली तिला मास्तरीण म्हणायची. दुखणं त्यांच्या डोक्याला, आणि घोर हिच्या जिवाला.

तिनं आधी खोबरेल कोमट करून जिरवलं. दोन दिवस खाज थांबली. तिसऱ्या दिवशी कपाळावरून घामाबरोबर तेलाचा थेंब उतरला आणि कोटाच्या बेतलेल्या पाठीवर पडला. कोंडा झटकला तर जातो, तेल जात नाही. ते कापड वाया गेलं. म्हणून तेल बंद केलं, तर डोकं कोरडं पडून दुप्पट कोंडा. इकडे आड तिकडे विहीर. टोपी घालून बघितली, तर आत घाम धरून डोकं नुसतं पेटलं.

मग लिंबू चोळलं. मास्तर न्हाणीघरातून ओरडले, "अगं, डोकं धुतेस की सोलतेस?"

"सोसा जरा. गुण यायला वेळ लागतो."

"वेळच तर नाही ना!"

कोरफडीचा गर झाला. दही झालं. दह्याच्या दिवशी कारखान्यात काजं करणारी बाई सगळ्यांदेखत म्हणाली, "मास्तर, आज डोक्यात विरजण लावून आलात होय? संध्याकाळपर्यंत ताक होईल बघा." सगळी हसली. मास्तरही हसले, पण घरी येऊन जेवले नाहीत.

मास्तरीण त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी डोकं बघितलं आणि एक बाटली दिली. आठवड्यातून दोनदा लावायचं, पाच मिनिटं ठेवायचं, धुवायचं. "दीड-दोन महिने लागतील. नखं लावू नका आणि घरचं काही चोळू नका."

दोन महिने! हाती उरले होते बारा दिवस.

तेवढ्यात मास्तरांची मोठी बहीण आली. बाटली हातात घेऊन तिनं नाक मुरडलं. "पाच मिनिटांत काय होतंय? अगं, मेथ्या भिजवून वाट, चांगला थापून लेप दे. आमच्या ह्यांचं एका दमात गेलं."

"वन्सं, डॉक्टर नको म्हणाले."

"मग डॉक्टरलाच सांग कोट कापायला!"

मास्तरणीनं बाटली फळीवर ठेवली आणि मेथ्या भिजत घातल्या.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी पहाटे उठून तिनं लेप दिला. तासभर ठेवला. डोक्याला गार वाटलं. मास्तर म्हणाले, "आज जरा बरं वाटतंय गं." बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा आला. मग तिनं नळ सोडला, तर नळ नुसता फुसफुसला. शेजारी गेली, तिथंही तेच. पिण्याच्या कळशीत होतं तेवढं पाणी ओतलं, पंच्यानं खसाखसा पुसलं. वरवर केस स्वच्छ दिसले. भोंग्याची वेळ झाली, मास्तर निघाले.

दुपारपर्यंत लेप वाळला. एक ज्येष्ठ वकील कोट अंगावर घालून बघत होते आणि मास्तर त्यांच्या खांद्यावर वाकून टाचण्या लावत होते. मुळाशी राहिलेली मेथी सुटली आणि त्या काळ्या खांद्यावर पिवळट भुगा झरझर पडला. वकील नुसते बाजूला सरकले. मालकही रागावले नाहीत. त्यांनी मास्तरांच्या हातातली टाचण्यांची डबी हलकेच काढून घेतली.

संध्याकाळी मास्तरीण दारातच रडायला लागली. "माझ्या हातानं झालं हो."

"तुझ्या हातानं काय? पाणी गेलं." त्यांनी चपला काढल्या. "उद्यापासून चादरी."

मग तिनं ती बाटली काढली. आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं, घड्याळ समोर ठेवून. दुसरं काही लावलं नाही. दोन महिने पुरे व्हायच्या आत डोकं निवळलं. तिनं काळं फडकं त्यांच्या खांद्यावर टाकून केस विंचरून बघितले. एक कण पडला नाही.

ते फडकं घेऊन ती मालकांकडे गेली. मालकांनी तिला बसायला खुर्ची दिली. "खरं आहे, बाई. पण त्या टेबलावर मी दुसरा माणूस घेतलाय. त्याला आता कुठल्या तोंडानं उठवू?"

तिनं फडक्याची घडी केली आणि ती घरी आली. मास्तरांना ती कुठं गेली होती ते कळलं असावं. त्यांनी तिच्या हातातलं फडकं घेऊन फळीवर ठेवलं.

पांढऱ्या कापडावर निळ्या खडूनं आखतात. पुढं मास्तर रोज निळी बोटं घेऊन घरी यायचे. कोंडा पुन्हा कधी झाला नाही.

जुळी पहिलीत गेली, त्या वर्षी हिवाळ्यात, एका मंगळवारी सकाळी साडेनऊला मास्तर वारले. तेव्हाही त्यांची बोटं निळी होती.