माझ्या नंबरावरून आलेला मेसेज

रुग्णालयाच्या लाँड्रीत मी इस्त्रीच्या खोलीची मुकादम आहे. बाया मला पाठीमागे 'कात्री' म्हणतात, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. म्हणेनात का. तोंड माझं फटकळ आहे, पोटात मात्र काही नसतं. निदान मी तरी सगळ्यांना असंच सांगत आले.

त्या आठवड्यात आमच्या अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, काही खरं नव्हतं. डॉक्टरांनी 'घरी न्या' म्हटलं, तेव्हाच कळायचं ते कळलं. त्यांना एकच ध्यास लागला होता, धाकट्याला बघायचं. धाकटा म्हणजे माझा भाऊ, लांबच्या गावी लेथवर काम करतो. दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या ऑपरेशनला तो आला नाही, तेव्हा मी त्याला फोनवर असा काही सोलून काढला की तेव्हापासून आमचं बोलणं बंद. जे काय कळवायचं ते मेसेजवर. 'रविवारी सकाळच्या गाडीने येतो,' असं त्याने लिहिलं आणि मी नुसतं 'बरं' लिहिलं.

लाँड्रीत मात्र आठवडाभर माझी टकळी चालू. दोन वर्षं कुठे मेला होता, आता आलाय मोठा पुळका, वगैरे. यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळे सगळ्या खोलीला आमच्या घरची बित्तंबातमी. त्याच आठवड्यात चष्मिसने, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात नव्या बाईने, दमट चादरी तशाच घडी घालून वॉर्डात पाठवल्या. वॉर्डातून परत आलेला तो गठ्ठा मी तिच्या अंगावर टाकला. "तुझ्या घरचे तुला सहन कसे करतात गं?" असंही सगळ्यांसमोर विचारलं. ती चष्मा पुसत बसली.

रविवारी सकाळी अण्णांनी मला दाढी करायला लावली. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट मागितला आणि उशीला टेकून, दाराकडे तोंड करून बसले. थोड्या थोड्या वेळाने विचारायचे, "आला का गं?" दुपार झाली, संध्याकाळ झाली. एक फोन करावा असं दहादा मनात आलं. पण माझं नाक वर. यायचं तर येईल, मी काय त्याच्या पाया पडू? अण्णा अंगातला शर्ट काढू देईनात. मंगळवारी दुपारी ते त्याच शर्टात गेले.

तेव्हा फोन केला. धाकटा आला, पण उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "आत ये," म्हटलं, तर म्हणाला, "दार उघडणार नाही म्हणाली होतीस." मला काही कळेना. त्याने फोन पुढे केला. माझ्या त्या 'बरं'च्या खाली, माझ्याच नावाने मेसेज होता: 'दोन वर्षं कुठे मेला होतास? आता पुळका नको. आलास तर दार उघडणार नाही.' रविवारी गाडी बदलायच्या थांब्यावर त्याने तो वाचला आणि तिथूनच माघारी फिरला.

माझ्या फोनात असला काही मेसेज नव्हता. "पुसला असशील," तो म्हणाला, आणि अण्णांना पोचवून सरळ निघून गेला.

मी पोलिसांत गेले. तिथल्या साहेबांनी समजावून सांगितलं की हल्ली इंटरनेटवरून कुणाचाही नंबर लावून मेसेज धाडता येतो, आपला फोन आपल्या हातातच असतो. तीन आठवड्यांनी त्यांनी चष्मिसला बोलावलं. धाकट्याचा नंबर तिला हजेरीच्या वहीत मिळाला होता. अडीअडचणीला कळवायचा माणूस म्हणून मी माझ्या नावापुढे त्यालाच लिहिलं होतं.

ती रडत होती. "मला वाटलं, ते तुम्हाला फोन करतील, तुमची जुंपेल, बोलणी खाणं काय असतं ते तुम्हालाही कळेल. सख्ख्या बहिणीला एक फोन करून कोण विचारणार नाही, ताई?" तिच्यावर हात उगारला होता मी. तो तसाच खाली आला.

पोलिसांचा कागद घेऊन धाकट्याकडे गेले. त्याने दोनदा वाचला. "कागद खरा आहे, ताई," तो म्हणाला. "पण मेसेज वाचताना मला एकदाही वाटलं नाही, की हे तू लिहिलं नसशील." भावजयीने पाणी आणून दिलं. ते पिऊन मी उठले.

नंतर महिनाभर मी त्याला मेसेज लिहायचे आणि पुसायचे. शेवटी एका दुपारी, यंत्र थंड होत होतं तेव्हा, पाठवूनच टाकला: 'दार उघडंच आहे रे. पोरांना घेऊन ये. तेव्हा तुला नको नको ते बोलले, चुकलं माझं. फार आठवण येते तुझी.'

संध्याकाळी भावजयीचा फोन आला. "वन्सं, पुन्हा कुणीतरी तुमच्या नंबरावरून खोटा मेसेज पाठवलाय. ह्यांनी वाचला आणि लगेच पुसून टाकला. म्हणाले, ताई असं लिहिणं शक्यच नाही. तुम्ही पोलिसांच्या कानावर घाला."

मीच लिहिलाय, एवढंच म्हणायचं होतं. जन्मभर कुणापुढे न थांबलेलं तोंड, पण तेवढे दोन शब्द काही फुटेनात. "बरं, सांगते," म्हटलं आणि फोन ठेवला.