तेवढं पुरे

ऑपरेशन संपत आलं की पोट शिवण्याआधी आत वापरलेले चिमटे, कात्र्या, सुया मोजायच्या, ही त्या सिस्टरची अकरा वर्षांची नोकरी. दोनदा मोजलं की नियम पाळला जातो. ती चारदा मोजायची, आणि घरी आंघोळ करतानाही तिची बोटं मोजतच असायची. खाल्लेलं अंगी लागायचं नाही, पण इतक्या वर्षांत तिच्या टेबलावरून एकही सुई हरवली नव्हती आणि याचं सगळं श्रेय ती आपल्या धास्तीला देत असे. म्हणून मेट्रनबाईंनी तिला समुपदेशकांकडे धाडलं तेव्हा तिला मनापासून राग आला.

समुपदेशक बाईंनी गृहपाठ दिला: छातीत धडधडायला लागलं की आपल्याच डाव्या मनगटावर हळू थोपटायचं आणि स्वतःला म्हणायचं, ‘केलंस तेवढं पुरे आहे.’

“आणि पुरे नसलं तर?” सिस्टरने विचारलं.

“तरी म्हणायचं. स्वतःशी जरा मायेने वागून तर बघा.”

स्वतःचे असले लाड तिला परवडणारे नव्हते. आपण सैल पडलो तर कुणाच्या तरी पोटात लोखंड राहील, एवढं तिला स्वच्छ दिसत होतं. तिने ते वाक्य एकदाही उच्चारलं नाही, आणि ती कुठे जाऊन आली याचा घरी कुणाला पत्ताही नव्हता.

तिसऱ्या दिवशी दूध उतू गेलं. सासूबाईंच्या तोंडाला शेजारीपाजारीही वचकून असत. सिस्टर मान खाली घालून बोलणी खायला उभी राहिली. सासूबाईंनी गॅस बंद केला, तिचं डावं मनगट हातात घेतलं आणि त्यावर हळू थोपटत म्हणाल्या, “केलंस तेवढं पुरे आहे गं.”

खरं तर बरं वाटायला हवं होतं. तिने झटकन मनगट सोडवून घेतलं.

मग हजेरी घेणाऱ्या कारकुनाने उशिराबद्दल तेच म्हटलं, वॉर्डातल्या शिपाईमामांनी तेच, तेही मनगट थोपटून. आठवड्याने तिने मुद्दाम नवऱ्याचा चष्मा फोडला. एरवी एक मोजा सापडला नाही तर हा गृहस्थ घर डोक्यावर घेई. आता तो चाचपडत जवळ आला आणि त्याने तिचं मनगट बरोबर शोधून काढलं.

“तुम्ही कुणाला काही सांगितलंत का?” तिने समुपदेशक बाईंना विचारलं.

“इथलं बोलणं खोलीबाहेर जात नाही.” बाई हसल्या. “लोक चांगले वागतात ही तक्रार घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्याच.” बोलता बोलता त्यांचा हात टेबलावरून पुढे सरकला. सिस्टर उठली आणि पर्स विसरून तशीच बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनच्या टेबलावर एक बसचालक होता. भूल देण्याआधी त्याने विचारलं, “सिस्टर, सगळं नीट होईल ना?” आणि ती सवयीने “मी आहे ना” म्हणाली होती. दोन तासांनी तिने चिमटे मोजले. बोर्डावर चोवीस लिहिले होते, हाती तेवीस लागले. तिने चारदा मोजले, खालची फरशी बघितली, कापडं झटकली.

“सर, एक चिमटा कमी आहे. शिवू नका.”

मोठे डॉक्टर एवढ्या तेवढ्यावरून ट्रे भिरकावणारे. त्यांनी वर पाहिलं. मास्कवरचे त्यांचे डोळे मायेने भरून आले होते. “केलंत तेवढं पुरे आहे, सिस्टर,” ते म्हणाले आणि त्यांनी सुई मागितली.

तिने दिली नाही. ती दुसऱ्या कुणीतरी दिली.

“आत राहिलाय तो. एक एक्स-रे काढा. मला शिव्या द्या, नोकरीवरून काढा, पण एकदा बघा.” भूलतज्ज्ञ, मदतनीस, सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते. कुणी चिडलं नाही. धाकट्या सिस्टरने स्टूल आणून तिला खांद्याला धरून पेशंटच्या उशाशी बसवलं. तिला उठायचं होतं, पण खांद्यावरचा हात निघेना. पलीकडे एकेक टाका पडत होता. आता हा एकटाच माणूस आपल्या बाजूचा, असं वाटून ती त्याच्याकडे वळली आणि रडत म्हणाली, “माफ करा हो मला.”

हिरव्या कापडाखाली काहीतरी हललं. त्याचे डोळे मिटलेले होते, तोंडात नळी होती. त्याचा हात सावकाश बाहेर आला, त्याने तिचं मनगट शोधलं आणि तो हळूहळू थोपटू लागला.