नाचघरातला कोट

गॉटलीब एकवाला कॅमेरूनहून बर्लिनमध्ये आला तो शिंपी म्हणून. पहिल्या महायुद्धानंतर दुकान बसलं, आणि पोटासाठी तो सिनेमाच्या गर्दीत उभा राहू लागला. स्टुडिओंना जंगलं फार लागायची आणि जंगलात उभी करायला माणसं. त्यामुळे त्याच्यासारख्या आफ्रिकेतून आलेल्यांना तेवढं काम मिळायचं. कमरेला गवत, हातात भाला आणि गोऱ्या नायकापुढे लोटांगण. कॅमेऱ्यात हवा तेवढा काळा दिसत नाही म्हणून वर काजळीही फासायचे! इस्त्रीची घडी मोडली तरी ज्याला चैन पडत नसे, अशा माणसाची ही गत.

या धंद्यात एक रीत होती. ज्याच्याकडे स्वतःचा टेलकोट, म्हणजे मेजवानीचा लांब शेपटीचा काळा कोट, त्याला नाचघराच्या दृश्यात जागा. गॉटलीबने कोट शिवायला घेतला. आठ वर्षांची हेडी शेजारी टाचण्या धरून बसायची. कॉलरच्या एका बाजूला रेशीम कमी पडलं, तेव्हा तिच्या आईने लग्नातल्या झग्याचं काढून दिलं. काळं रंगवलं, तरी ती बाजू जरा जास्तच चमकायची.

"माझा पप्पा नाचघरात आहे," हेडीने साऱ्या चाळीला सांगून टाकलं.

स्टुडिओत दिग्दर्शकाचा मदतनीस क्रुम्बाख याने कोटाचं कापड चाचपून पाहिलं. "झकास आहे रे! कुणाचा उचललास?"

"माझाच आहे, साहेब. मीच शिवलाय."

"मग काढ. गर्दीतला तो रेनिश बघ, ठिगळ लावलेला कोट घालून आलाय, त्याला दे."

"पण साहेब, ज्याचा कोट तो नाचघरात ना?"

"व्हिएन्नाच्या नाचघरात तू? लोक हसतील, अरे! जा, जंगल पलीकडच्या शेडमध्ये आहे."

नाही म्हणावं, तर उद्यापासून जंगलही बंद. गॉटलीबने कोट काढून दिला. फेब्रुवारी होता आणि पलीकडच्या शेडमध्ये शेगडीही नव्हती.

घरी सांगायला त्याची जीभ रेटली नाही. सिनेमा लागला तेव्हा त्याने पोटदुखीचं सोंगही करून पाहिलं, पण हेडी कसली ऐकते! तिने त्याला ओढतच नेलं.

पडद्यावर नाच सुरू झाला. जोडपी गरगरत पुढे आली आणि एका कॉलरची एकच बाजू लखलखली.

"पप्पा, आपला कोट!" हेडी उभीच राहिली. "पण आत हा कोण?"

"खाली बस गं, पोरी!" मागून कुणीतरी ओरडलं.

मग जंगल आलं. काजळी फासलेला, उघडाबंब गॉटलीब पडदाभर दिसला आणि नायकाच्या बुटांपुढे आडवा झाला. सगळं थिएटर हसलं. अंधारात गॉटलीब स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत बसला. आता ही पोर काय विचारेल, याची त्याला भीती वाटत होती.

हेडीने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळू लागली.

"पप्पा, तुला थंडी वाजली असेल ना रे?" ती कुजबुजली. "आपला कोट त्या माणसाने नेला होता."

"वाजली, बाळा," तो म्हणाला. "खूप वाजली."