सखल रान

त्या सकाळी देवळात गावातली झाडून सगळी जमीन उंच झाली.

माळावर नवा बांध घातला होता. सरकारनं लढाईतून सवड काढून मुकादम धाडला, गावानं माती वाहिली, आणि श्रावणातच बांध फुटला. जास्तीचं पाणी जायला वाटच ठेवली नव्हती. आता दगडी सांडवा काढायचा, तोही सगळ्यात सखल रानातून, यावर गावाचं एकमत होतं. सखल रान मात्र कोणाचंच नव्हतं. नाथाजी पाटलांचं रान तर, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, एवढं उंच होतं की तिथं पेरायला माणसं चढत कशी, याचंच नवल वाटावं.

आकाराम खांबाला टेकून ऐकत होता. पलटणीत त्यानं खंदक खणले, पेन्शनीत येऊन बांधाच्या पाट्या वाहिल्या. बांध पुन्हा फुटला की पुन्हा पाट्या आल्या, आणि उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी वाटीनं घागर भरणं आलं.

“माज्या पट्टीतनं काढा,” तो म्हणाला.

सभा इतक्या लवकर कधी उठली नव्हती. नाथाजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि ते जेवायला गेले.

ती पट्टी म्हणजे ओढ्याकाठची काळी माती आणि त्यात त्याच्या बायकोची, हरणाबाईची वांगी. आष्ट्याच्या बाजारात बायका नाव घेऊन ती मागत. हरणाबाईला विचारायचं राहिलं, हे आकारामला घराच्या उंबऱ्यावर आठवलं.

त्यानं सांगितलं. तिचा सुपातला हात थांबला.

“आपलंच रान सखल निघालं व्हय?”

“पयल्यापास्नंच हाय. गावाला ठावं हुतं.”

“मग तुमीच कशाला बोललासा?”

“लय दमलोय गं. आता पुन्यांदा पाटी उचलत न्हाई.”

तिनं सुपातले खडे वेचून टाकले. मग म्हणाली, “वांगी तोडून घेऊ द्या आधी. मग टाका दगूड.”

पुढच्या पावसाळ्यात बांध टिकला. सगळ्या उंच रानांचं जास्तीचं पाणी शिस्तीत आकारामच्या पट्टीत उतरलं आणि काळी माती घेऊन ओढ्याला गेलं. खाली मुरूम उघडा पडला. चैत्रात विहिरीच्या पायरीला पाणी होतं. नाथाजींनी नारळ फोडला, दूरदृष्टीवर चार शब्द बोलले. आकारामला खोबऱ्याचा तुकडा मिळाला.

तो दारात बसून चघळत होता, तेवढ्यात हरणाबाई भरली घागर घेऊन आली. उंबऱ्याशी एका फुटक्या मडक्यात पट्टीतली काळी माती होती, आणि तीत वांग्याचं एकच रोप. तिनं आधी तिथं ओंजळभर पाणी घातलं.

मडक्याच्या भेगेतून ते बाहेर आलं. आकारामनं पाय आखडून त्याला वाट दिली.